'स्टेशन डायरी'चा दुसरा भाग

मागच्या रविवारी माझ्या नातीने तिच्या मोबाइलवर इन्स्पेक्टर खांबेट्यांना माझ्यासमोर उभं केलं आणि निवडायला घेतलेली मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. तोच कुरकुरणारा पंखा, तोच टाक दौतीच्या काठावर पुसण्याचा आवाज. कोणी भल्या माणसाने घरात जपलेल्या जुन्या कॅसेटवरून 'स्टेशन डायरी'चे भाग उतरवून मोबाइलवर टाकलेत, आणि खाली माझ्यासारख्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी आपापल्या आठवणी लिहिल्यात. नात बेव्हर्ली पार्कला राहते, कॉलेजात जाते, आणि दर रविवारी इथे मीरा रोडच्याच सिल्व्हर पार्कला माझ्याकडे जेवायला येते. ती म्हणाली, "आजी, यात काहीच होत नाहीये. एक माणूस बसतो, मग दुसरा माणूस बसतो, आणि पंखा फिरतो." असं म्हणत तिने एकापाठोपाठ एक तीन भाग पाहिले, मध्ये पाणी प्यायलाही उठली नाही. मी तिला एवढंच विचारलं, "हिरव्या बंगल्यातल्या घड्याळाचा भाग आहे का बघ. दुसरा. पहिला मी पाहिलाय." ती शोधू लागली. ती शोधतेय तोवर मला जे आठवत गेलं ते इथे लिहून ठेवतेय, कारण ते तोवर कोणाला सांगितलेलं नव्हतं.

तेव्हाचा मीरा रोड म्हणजे एक स्टेशन, लांबवर पांढरी मिठागरं आणि मधे मधे अर्धवट उभ्या बिल्डिंगा. आम्ही लालबागची खोली सोडून इथे आलो तेव्हा नातेवाइकांनी आम्ही परदेशी निघाल्यासारखे डबे बांधून दिले होते. अण्णा, माझे वडील, गोदीत कारकून. घर भाड्याचं, तळमजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. मालक मुंबईत राहायचा आणि त्याच्या वतीने बिल्डिंगचा सगळा कारभार दुसऱ्या मजल्यावरचे जयंतीभाई पाहत. पाणी कधी सोडायचं, गच्ची कधी उघडायची, कोणत्या भाडेकरूबद्दल मालकाला पत्र लिहायचं, हे सगळं त्यांच्या हातात. माणूस मनाने मऊ, पण नियमाचा पक्का. गच्चीच्या दारावर त्यांनी स्वतः खडूने लिहिलं होतं, 'छत पे मच्छी सुखाना मना है.' बिल्डिंगमध्ये मासे खाणारी आम्ही तीनच घरं होतो, त्यामुळे ही पाटी कोणासाठी आहे ते कोणी विचारायची गरज नव्हती. आई ती पाटी वाचून हसायची आणि म्हणायची, "लालबागला निदान सगळ्यांचाच वास येत होता." मग जिना उतरताना हळूच म्हणायची, "पण इथून कुठे जायचं झालं तर आता जागा नाही गो." लालबागची खोली गेली होती. हे घर टिकवायचं, हा तिच्या मनातला पहिला आणि शेवटचा विचार असे.

आणि याच जयंतीभाईंकडे बिल्डिंगमधला एकमेव टीव्ही होता. लाकडी दारांचा, वर विणलेला रुमाल, दारांना छोटं कुलूप. गुरुवारी साडेसात वाजता ते कुलूप उघडायचे आणि सगळी बिल्डिंग त्यांच्या खोलीत मावायची. कशी मावायची ते आज सांगता येणार नाही. पुरुष भिंतीला टेकून, पोरं पुढे फरशीवर, बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ, आणि मधोमध एकुलत्या एका खुर्चीत जयंतीभाई. कोकिळाबेन, त्यांच्या पत्नी, पेपरात शेव-मुरमुरे घालून हातोहात देत. त्यांना मराठी अर्धंमुर्धं कळायचं. दर दोन मिनिटांनी त्या आईला विचारत, "शुं कह्युं?" आणि आई आपल्या लालबागच्या हिंदीत सांगायची, "वो बोला की मैं उधर नहीं था. पन झूठ बोलता है." सांगताना आईचे डोळे पडद्यावरून हलत नसत.

काय होतं त्या मालिकेत? मी आयुष्यभर हा प्रश्न मनात घोळवलाय. पाठलाग नव्हता, गोळीबार नव्हता, सुरुवातीला गाणंसुद्धा नव्हतं. एक जुनं पोलीस ठाणं, एक बारीक अंगाचे, चष्मा लावलेले इन्स्पेक्टर खांबेटे, आणि त्यांचे हवालदार तुपे. तुपे संशयिताला दंडाला धरून आत आणायचे. खांबेटे टेबलामागून उठायचे, स्वतः खुर्ची ओढायचे आणि म्हणायचे, "बसा आधी." बस्स. मग तो माणूस बोलेपर्यंत थांबायचे. पंखा कुरकुरायचा, बाहेर कुठेतरी सायकलची घंटा वाजायची, आणि आम्ही तीस-पस्तीस माणसं श्वास रोखून एका न बोलणाऱ्या माणसाकडे बघत बसायचो. अण्णा एकदा हरवलेल्या पासाची तक्रार द्यायला एका चौकीत गेले होते, तेव्हा दीड तास उभे होते. खांबेट्यांनी पहिल्यांदा एका पाकीटमाराला खुर्ची दिली तेव्हा अण्णांच्या तोंडून "अरे बापरे" निघालं होतं. आमच्यासारखी माणसं पोलीस दिसला की रस्ता बदलायची. हा पोलीस चोराला खुर्ची देत होता, आणि खुर्ची दिल्यावर चोर खरं बोलत होता. आम्ही सगळे तोंडात बोट घालून ते पाहायचो. पुढे पुढे तर खांबेटे खुर्चीला हात लावायचे तेव्हा सगळी खोली त्यांच्याबरोबर म्हणायची, "बसा आधी." जयंतीभाईंना मराठी येत नव्हतं, पण हे दोन शब्द ते सर्वांपेक्षा मोठ्याने म्हणायचे.

प्रत्येक भागाच्या शेवटी खांबेटे ठाण्याची ती जाडजूड डायरी उघडायचे, टाक पुसायचे आणि दिवसाची नोंद मोठ्याने वाचत लिहायचे. सुरुवात नेहमी एकच. 'मी, खांबेटे, सकाळी इतक्या वाजता ठाण्यात आलो,' आणि मग स्वतः काय केलं, काय चुकलं, आणि त्यानंतर बाकीच्यांचं. हे मी शंभर वेळा ऐकलं असेल. ऐकलं, पण कानाच्या आत गेलं नाही.

सातवीची परीक्षा संपली, सुट्टी लागली आणि मी माझी स्वतःची स्टेशन डायरी सुरू केली. जुन्या वह्यांची उरलेली कोरी पानं शिवून केलेली वही, आणि अण्णांचं गोदीतलं निळं बॉलपेन. पहिल्या मजल्याच्या वळणावर मी ठाण मांडून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची वेळ लिहायची. अण्णांचं जुनं घड्याळ मनगटावर पट्ट्याच्या शेवटच्या भोकात बसवलेलं. 'नऊ वीस. दूधवाला, वर. नऊ चोवीस. दूधवाला, खाली. संशयास्पद काही नाही.' बिल्डिंगने माझी भरपूर थट्टा केली. जयंतीभाई जाता येता सलाम ठोकायचे, "क्या लिखा, साहेब?" मीही गंभीर चेहऱ्याने वाचून दाखवायची. फक्त एक होतं. घरच्या माणसांना मी लिहीत नसे. आई दिवसातून दहा वेळा वर-खाली करायची, तिला काय लिहायचं? आईची नोंद कोण ठेवतं?

रोजामावशी, आमची कोळीण, तारोडीची. आठवड्यातून तीनदा डोक्यावर टोपली घेऊन यायची, आमच्या दारात पाटावर बसायची, आणि मासे बाजूला राहून आधी आईशी गप्पा मारायची. दोघींचं कसं जमलं होतं कोणास ठाऊक. आई मूळची रत्नागिरीची, मावशी उत्तनकडची, एकीची बोली दुसरीला निम्मी कळायची, पण बोंबलावर दोघींचं एकमत होतं. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापुरती, बेगमी घरी सुकवलेल्या बोंबलांचीच हवी, बाजारातल्यात वाळू लागते, असं आईचं म्हणणं. बोंबील सुकवायचे ते जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने आडव्या दोरीवर टांगून. तशी दोरी बांधायला आमच्या खिडकीला जागा नव्हती. कठड्यावर ठेवले तर मांजरं. आणि गच्चीवर तर पाटी.

त्या गुरुवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी जिन्यावर होते. रोजामावशी ओल्या बोंबलांची टोपली घेऊन वर गेली. मी लिहिलं: 'दहा पाच. कोळीण, जिन्याने वर.' तिच्या दोन पायऱ्या पुढे आई होती, पदर खोचलेली, हातात पाण्याची बादली. ते मी लिहिलं नाही.

आईने काय केलं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगते. गच्चीवर जयंतीभाईंचा ॲन्टेना होता. उंच बांबू, त्यावर ॲल्युमिनियमच्या आडव्या काड्या, एकाखाली एक, मापाने कापल्यासारख्या. समुद्रकाठी वाढलेल्या बाईला त्या काड्यांकडे बघून दुसरं काय सुचणार? वाऱ्याला मोकळ्या, मांजरांच्या आवाक्याबाहेर. टीव्ही लागतो संध्याकाळी, म्हणजे दिवसभर या काड्या रिकाम्याच, असा तिचा साधा हिशोब. तीन वाजता काढून घ्यायचे, कोणाला पत्ता लागणार नाही. दोघींनी बांबू सोडून खाली वाकवला, जोड्या टांगल्या, पुन्हा उभा केला. रोजामावशी परत गेली. दुपारी आई वर गेली तेव्हा घारी आणि कावळ्यांची पंगत बसली होती. दोन काड्या वाकल्या होत्या, वायर निघून लोंबत होती. तिने उरलेसुरले बोंबील काढले, काड्या हाताने सरळ केल्या, वायर कुठेतरी गुंडाळली, आणि खाली आली.

त्या संध्याकाळी हिरव्या बंगल्याचा दुसरा भाग होता. पहिल्या भागात बंगल्यातलं घड्याळ नाहीसं झालं होतं, आणि मोलकरणीला जिन्यावरून जाताना खुद्द खांबेट्यांनीच पाहिलं होतं. तिला ठाण्यात आणली, खांबेट्यांनी खुर्ची ओढली, ती बसली, बोलायला तिने तोंड उघडलं, आणि भाग संपला. सात दिवस बिल्डिंगमध्ये दुसरा विषय नव्हता. साडेसातला जयंतीभाईंनी कुलूप काढलं, बटण फिरवलं, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. गच्चीवर एक जण गेला, दोघे गेले. शेवटी जयंतीभाई स्वतः गेले आणि पेपरच्या तुकड्यात बोंबलाचं एक डोकं दोन बोटांनी लांब धरून खाली आले. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. ते ओरडले नाहीत. "किसने किया?" एवढंच. कोणीतरी म्हणालं, "सकाळी ती मच्छीवाली आली होती ना?" आणि मग, देवा, मी उठले. कोणी सांगितलं नसताना धावत खाली गेले, वही घेऊन आले आणि सगळ्यांसमोर खांबेट्यांच्या आवाजात वाचलं, "दहा वाजून पाच मिनिटं. कोळीण, जिन्याने वर." खोलीत "वा" अशी कुजबुज झाली. मी मान वर केली तेव्हा उंबऱ्याजवळ आई दिसली. तिचा हात तोंडावर होता. पायऱ्यांवरची बादली मला तेव्हा आठवली.

मी वही मिटली. आई काही बोलली नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी वॉचमनने रोजामावशीला गेटवरच अडवलं. आमच्या खिडकीतून गेट दिसायचं. त्याने हिंदीत तिला सगळं सांगितलं, तिने डोक्यावरची टोपली खाली ठेवून ऐकून घेतलं. मग आमच्या खिडकीकडे पाहिलं. आई गजांना धरून उभी होती. रोजामावशीला बोट दाखवायला एक क्षण पुरला असता. तिने नुसती चुंबळ सारखी केली, टोपली उचलली आणि मिठागराच्या वाटेला लागली. त्या रात्री आईने अर्धवट सुकलेले बोंबील वांग्यात केले. माझा आवडता पदार्थ. मी तुकडे ताटात नुसते इकडून तिकडे सारत होते. अण्णांनी विचारलं, "काय गो, बरं नाही का?" आणि आईने माझ्याकडे न बघता माझं ताट उचललं. घर जाईल, जयंतीभाई मालकाला लिहितील, या भीतीने ती गप्प होती हे मला कळत होतं. मी का गप्प होते हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगते. सगळ्या बिल्डिंगने मला हुशार म्हटलं होतं, आणि ते मला परत द्यायचं नव्हतं.

तो आठवडा विचित्र गेला. भाईंदरहून मेकॅनिक आला, ॲन्टेना दुरुस्त झाला, पण हुकलेला भाग थोडाच परत येणार? अण्णांना गोदीतल्या तिघांनी त्याचे तीन वेगवेगळे शेवट सांगितले. एक म्हणे घड्याळ मोलकरणीनेच घेतलं, दुसरा म्हणे मालकाच्या मेहुण्याने, तिसऱ्याला तर खात्री होती की घड्याळ शेवटी सापडलंच नाही. जिन्यावर, पाण्याच्या रांगेत, दळणाच्या गिरणीत, सगळीकडे हाच वाद. पुढच्या गुरुवारी सगळे सात वाजल्यापासून जयंतीभाईंकडे जमून भांडत होते. कोकिळाबेनने गमतीने आईला विचारलं, "बेन, आप बोलो, घड़ी किसने ली?"

आई उंबऱ्यावरून उठली. "मला सांगायचंय," ती म्हणाली. "सिरीयलचं नाही. आपल्या इथलं."

सगळा गलका एकदम थांबला. आई उभी होती, पदराचं टोक मुठीत घट्ट, आणि तिला पुढचा शब्द सापडत नव्हता. मी पुढच्या रांगेत फरशीवर होते, वही मांडीवर. आणि मग जे झालं त्याने मी आजही थक्क होते. जयंतीभाई आपल्या खुर्चीतून उठले. पुरुषांनी भरलेल्या खोलीत, त्या एकुलत्या खुर्चीवर तोवर दुसरं कोणीही बसलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी ती पाठीला धरून ओढली, आईच्या समोर नेऊन ठेवली आणि आपल्या मोडक्या उच्चारात म्हणाले, "बसा आधी."

आई बसली. साडेसात झाले, आधीच लावून ठेवलेल्या टीव्हीवर पंखा कुरकुरायला लागला. जयंतीभाईंनी हात लांब करून बटण बंद केलं. 'स्टेशन डायरी' चालू असताना टीव्ही बंद झाल्याचं बिल्डिंगच्या आठवणीत दुसरं उदाहरण नाही. मग आईने सगळं सांगितलं. पाटी, मांजरं, काड्या, घारी. "दिवसभर रिकामाच असतो ना तो," ती म्हणाली. "तिचा काही दोष नाही. मीच तिला वर नेलं. ती माझ्यासाठी गप्प बसली आणि मी घरासाठी गप्प बसले. मालकाला लिहायचं तर लिहा."

जयंतीभाईंनी कपाळावरून हात फिरवला. "मेरे एन्टीना पे," ते हळूहळू म्हणाले, "बोंबील." आणि कोकिळाबेनला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबूनही थांबेना. एक एक करून सगळेच हसू लागले. जयंतीभाई तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "मालिक को क्या लिखूँ? मछली ने एन्टीना तोड़ा? कल उस बाई को बुलाओ." त्यावर आई म्हणाली, "नाही. तिला गेटवरून घालवलंय, गेटवर बोलावून कसं चालेल? मीच जाते तिच्या घरी." जयंतीभाईंनी मान डोलावली. मग बटण लावलं. त्या दिवशीचा भाग कोणता होता, कोणालाच सांगता आलं नसतं. आई मात्र शेवटपर्यंत खुर्चीत बसून होती. जयंतीभाई तिला उठू देईनात. स्वतः आमच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसले होते. माझ्या मांडीवर वही होती आणि मी अजूनही तोंड उघडलं नव्हतं. आईने सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं. माझ्यासाठी काही उरलंच नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

शनिवारी आम्ही दोघी भाईंदरहून उत्तनच्या बसने तारोडीला गेलो. वही माझ्या पिशवीत होती, सवयीने घेतलेली. रोजामावशीचं घर किनाऱ्याला लागून. पुढे बांबूंच्या रांगा आणि त्यावर बोंबलांच्या हजारो जोड्या, वाऱ्यावर एकाच वेळी हलणाऱ्या. त्या रांगांकडे बघत आई उभीच राहिली. जयंतीभाईंच्या ॲन्टेनाला तिने का हात घातला ते त्या क्षणी मला पुरतं कळलं. रोजामावशी जाळ्याच्या ढिगावरून उठली, बाकडं पुसलं. "बसा पयले," ती म्हणाली. तिच्या घरी टीव्ही नव्हता. तिने खांबेट्यांचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

आईने माफी मागितली. रोजामावशीने ती मधेच थांबवली. "जाऊंदे गो बाय. तुजा घर हाय. माजा काय, टोपला हाय. टोपला कुटं पन उतरवला त चालतो. घर न्हाय उतरवता येत." मग तिने आम्हाला चहा आणि बेकरीचं कडक बटर दिलं. मी बटर चहात बुडवत होते तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, सहज, रागाचा लवलेश नाही, "आनि ही पोरगी. जिन्यावं बसलेली व्हती. आमाला दोगींना जाताना बगत व्हती."

बटर चहात मोडून पडलं. आईने माझ्याकडे पाहिलं. रोजामावशीने सोमवारपासून यायचं कबूल केलं, वर आमच्या पिशवीत तिच्या रांगेवरचे खडखडीत सुके बोंबील भरले, आणि आम्ही बसमध्ये चढलो.

बस रिकामी होती. मी खिडकीपाशी, आई शेजारी, बोंबलांची पिशवी पायांशी. डोंगरी मागे पडलं. मग समोर बघतच तिने विचारलं, "तुझ्या वहीत मी आहे का गो?"

"नाही."

"का?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. ती रागवेल, निदान तोंड फिरवेल असं वाटलं होतं. तिने माझ्या पिशवीतून वही काढली, ते पान शोधलं. ती चौथीपर्यंत शिकलेली, अक्षरांवरून बोट फिरवत वाचायची. दहा पाचच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. "लिही," ती म्हणाली. "माझ्याकडे पेन नाहीये," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. तेव्हा माझी आई, जी परक्या पुरुषाला वेळसुद्धा विचारत नसे, ती चालत्या बसमध्ये उठली, दांड्यांना धरत कंडक्टरपाशी गेली आणि त्याच्या कानावरची जांभळी पेन्सिल मागून घेऊन आली. बस हिंदकळत होती. दोन ओळींच्या मधल्या फटीत मी लिहिलं. तिने बोट फिरवत वाचलं, पेन्सिल परत देऊन आली, आणि मग भाईंदर येईपर्यंत माझा हात तिच्या मांडीवर तिच्या हातात होता. माझ्या आईएवढा मोठा माणूस मी नंतर पाहिला नाही. खांबेटेसुद्धा नाहीत.

नातीला रविवारी शेवटी तो भाग सापडला. इतक्या वर्षांनी मी हिरव्या बंगल्याचा दुसरा भाग पाहिला, सोफ्यावर, एवढ्याशा पडद्यावर, मेथी मांडीवर ठेवून. मोलकरीण खुर्चीत बसलेली. पंखा कुरकुरतो. ती तोंड उघडते आणि म्हणते, "उभी ठेवली असतीत तर काहीबाही सांगून सुटले असते, साहेब. बसवलंत. आता खरं सांगावं लागणार." घड्याळ बंगल्यातल्याच मुलीने घेतलं होतं. शेवटी खांबेटे डायरी उघडतात, टाक पुसतात, लिहितात. 'मी, खांबेटे. जिन्यावर दोघी होत्या. मी एकीलाच पाहिलं, असं मी सांगितलं.' गोदीतल्या तिघांपैकी एकालाही हा शेवट माहीत नव्हता.

मी उठले. कपाटातल्या तळाच्या कप्प्यातून शिवलेली वही काढली आणि नातीच्या हातात दिली. तिने पानं उलटली, दूधवाल्यांना हसली आणि मग थांबली. तिने मोठ्याने वाचलं, "दहा पाच. मी, छबू, जिन्यावर होते. आई पुढे होती, रोजामावशी मागे. मी दोघींना पाहिलं." तिने वही उजेडात धरली.

"आजी, बाकी सगळं निळं आहे. ही एकच ओळ जांभळी का?"

मी डायनिंग टेबलाची खुर्ची ओढली.

"बस आधी," म्हटलं.